भाड्याचा गाळा आणि कर्जाची यंत्रे

औषधनिर्मितीचा परवाना घेताना आपण वैद्य मंडळी शेड्यूल ‘टी’चे बारकाईने वाचन करतो. सन २००० च्या या नियमावलीनुसार किमान १२०० चौरस फूट जागा, चूर्णासाठी पल्व्हरायझर, वटीसाठी टॅब्लेट यंत्र अशी सामग्री लागते. ती बँकेच्या मुदत कर्जातून येते आणि भाईंदर पूर्वेच्या एखाद्या भाड्याच्या गाळ्यात काँक्रीटच्या चौथऱ्यावर बोल्टने आवळली जाते. त्या क्षणी ही यंत्रे जंगम राहतात की स्थावर होतात? जंगम असल्यास आपल्या बँकेचे नजरगहाण अबाधित राहते. स्थावर ठरल्यास, गाळामालकाने गाळा ज्या बँकेकडे गहाण ठेवला असेल तीही हक्क सांगू लागते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ३ जोडणीच्या हेतूकडे पाहते. वास्तूच्या कायम उपभोगासाठी वस्तू जोडली असेल तर ती भूमीला जखडलेली मानली जाते. कानपूर येथील डंकन्सच्या खत कारखान्याची यंत्रसामग्री सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली, मुद्रांक शुल्काच्या वादात, स्थावर ठरविली. उलट २०१० मध्ये, अबकारी कराच्या प्रकरणात, केवळ कंपन टाळण्यासाठी दीड फूट पायावर बोल्टने बसविलेले डांबर-मिश्रण संयंत्र स्थावर नव्हे, असा निर्णय दिला. आपला पल्व्हरायझर या दुसऱ्या वर्गातील, असे माझे मत आहे. भस्मासाठी विटांत बांधून काढलेली भट्टी मात्र गाळ्याचाच भाग ठरण्याचा संभव अधिक.

कराराचे स्वरूपही निर्णायक असते. भाडेपट्टेदाराला कलम १०८ अन्वये, ताबा असेपर्यंत, स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात. जागा मात्र पूर्ववत करून द्यावी लागते. परंतु आपल्याकडे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे! तेथे सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सामान हलविण्यास केवळ वाजवी मुदत मिळते. म्हणून यंत्रांची क्रमांकांसह यादी करारातच जोडावी. करार नोंदणीकृत असणे महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. मालकाच्या बँकेने सरफेसी कायद्याखाली गाळ्याचा ताबा मागितल्यास नोंदणी नसलेल्या कराराचा टिकाव लागणे कठीण. २०१४ च्या सोंडागर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. परवाना जागेला जोडलेला असल्याने गाळ्यास कुलूप लागले की उत्पादनही थांबते.

अमेरिकेत जोडलेल्या यंत्रावरील सावकाराचा हक्क जमिनीच्या दप्तरात नोंदविण्याची स्वतंत्र सोय आहे. आपल्याकडे बँका सेरसाईच्या केंद्रीय नोंदवहीवर विसंबतात. ती २०११ साली सुरू झाली आणि शुल्क भरून कोणालाही पाहता येते. अनामत देण्यापूर्वी गाळ्यावर कोणाचे गहाण आहे, हे तेथे अवश्य पाहावे. यंत्रांवर आपला हक्क नाही, असे मालकाचे नाहरकत पत्रही बँकेकडून मागणी होण्याची वाट न पाहता घ्यावे. गाळा गहाण असल्यास मालकाच्या बँकेचेही घ्यावे. चौथऱ्याचे काँक्रीट ओतण्यापूर्वी मालक ते सहज देतो, नंतर त्यासाठी भाडेवाढ मागतो.