त्वचा जुनं रेडिएशन विसरत नाही

आजचा एपिसोड छोटा आहे, पण कामाचा आहे.

मावशीच्या छातीचं रेडिएशन संपून वर्ष झालं होतं. कॅन्सर परत आला म्हणून डोसेटॅक्सेलची केमो सुरू झाली आणि आठवड्याभरात छातीवर लाल, आग होणारा चट्टा उठला. आम्हाला वाटलं, औषधाची अ‍ॅलर्जी. पण चट्टा रेडिएशन दिलेल्या तेवढ्याच चौकोनात होता, कडा पट्टीने आखल्यासारख्या! बाकी अंग स्वच्छ.

याला 'रेडिएशन रिकॉल' म्हणतात. 1959 साली डॉ. डी'अँजिओ यांच्या टीमने अ‍ॅक्टिनोमायसिन-डी या औषधाबाबत तो नोंदवला. डॉक्सोरुबिसिन, जेमसिटाबिननेही होतो. रेडिएशननंतर काही दिवसांनी, कधी तर काही वर्षांनी. नेमकं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. प्रकार दुर्मिळ आहे, म्हणूनच पटकन लक्षात येत नाही.

डॉक्टर बहुतेकदा औषध थांबवतात किंवा पुढे ढकलतात, सूज उतरायला स्टेरॉइड देतात. काहींना तेच औषध पुन्हा दिल्यावर त्रास होतही नाही. त्यामुळे घाबरून स्वतःच केमो बंद करू नका.

एवढंच करा: चट्ट्याचा फोटो काढा, लगेच डॉक्टरांना कळवा आणि रेडिएशनची जुनी फाइल सोबत न्या. कितीही जुनी असली तरी!