यंत्रासमोरचं ज्ञान: टचस्क्रीनवर पीडीएफ

तत्त्वज्ञानाचा मास्तर कारखान्यातल्या पॅनेलवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रश्न आमच्याच शास्त्रातला आहे: ज्ञान कुठे असावं? कपाटात, की ज्याला त्याची त्या क्षणी गरज आहे त्याच्या समोर?

समजा, वालीवच्या एखाद्या गाळ्यात प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन आहे. रात्रपाळीत ते थांबतं आणि पडद्यावर येतं, ‘अलार्म २७’. अर्थ मॅन्युअलमध्ये आहे, मॅन्युअल ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली शेठकडे. मग नालासोपाऱ्याहून कामाला गेलेला आपला पोरगा अंदाजाने हात घालतो. बोटं जातात ती अशी. म्हणून मॅन्युअलची पीडीएफ त्याच पडद्यावर दिसावी, ही मागणी रास्त आहे.

आता ते करायचं कसं? कंट्रोलर आणि पडदा यांची कामं वेगळी आहेत. कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, काही मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो: सेन्सर वाचायचे, हिशेब करायचा, मोटर-व्हॉल्व्हला आदेश द्यायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याला पुस्तक वाचायला बसवू नये. त्याने आकडा सांगावा, २७. पान उघडायचं काम पॅनेलचं.

पण प्रत्येक पॅनेलला पीडीएफ कळतेच असं नाही. अडोबीने १९९३ साली आणलेलं आणि २००८ मध्ये आयएसओ मानक झालेलं हे स्वरूप म्हणजे नुसतं चित्र नव्हे. ‘हे अक्षर, या फॉण्टमध्ये, या जागी काढ’ अशा सूचना त्यात असतात. त्या पाळायला वेगळा प्रोग्रॅम लागतो, मेमरी लागते. काही पॅनेलमध्ये ही सोय असते. स्वस्तातल्या पॅनेलमध्ये बहुधा नसते. मग सोपा मार्ग असा की कॉम्प्युटरवर पानांची चित्रं करून पॅनेलमध्ये भरायची आणि ‘२७ आला की हे चित्र’ अशी सांगड घालून द्यायची. फॉण्ट नाही म्हणून मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसण्याची भानगडही राहत नाही.

तरी एक हिशेब करा. सात इंची पॅनेल अनेकदा ८०० बाय ४८० पिक्सेलचं असतं. ए-फोरचं उभं पान त्यात पूर्ण बसवलं, तर १० पॉइंटचं अक्षर सहा पिक्सेलसुद्धा उरत नाही. मात्रा कुठली आणि अनुस्वार कुठला? म्हणून पान जसंच्या तसं चिकटवू नका. प्रत्येक अलार्मसाठी एक कार्ड करा: काय झालं, आधी काय बंद करायचं, कोणाला बोलवायचं. मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत. संपूर्ण मॅन्युअल फिटरसाठी मागे असू द्या. आणि कार्डावर तारीख टाका. मशीनमध्ये बदल झाला आणि कार्ड जुनंच राहिलं, तर ते नसण्यापेक्षा वाईट. कारण पडद्यावरचं आपण खरं मानतो.

धोकादायक प्रक्रिया चालते तिथे धोक्यांची माहिती कामगाराला देणं हे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. पण गिल्बर्ट राइलने १९४९ साली दाखवलेला भेद विसरू नका: ‘अमुक असं आहे’ हे माहीत असणं वेगळं आणि ‘अमुक कसं करायचं’ हे येणं वेगळं. पडदा पहिलं देतो. दुसरं हाताला सरावानेच येतं. तेव्हा कार्ड केलं म्हणून शिकवणं सुटत नाही.

आपल्या सोपाऱ्यात १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाने मजकूर लोकांना कळेल अशा प्राकृतात कोरवून घेतला, आणि तोही वर्दळीच्या बंदरात.

उद्या कामावर गेलात की एवढंच बघा: तुमच्या मशीनचं मॅन्युअल कुठे आहे आणि रात्री दोन वाजता ते कोणाला वाचता येतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.