सोळा गट, एक रूट

सकाळी 6:30
मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून वेरूळच्या राउटरला हात लावायचा तो मंगळवारीच. घृष्णेश्वराला दर्शनाची रांग असतेच. पण हॉटेलं, पार्किंग, तिकिटांचे क्यूआर यांचा ताण त्या दिवशी कमी. पॉपच्या, म्हणजे इंटरनेट जाळ्याच्या स्थानिक केंद्राच्या, खोलीत शिरून आधी बॅटऱ्या आणि पंखे बघतो.

7:30
पत्त्यांची वही काढतो. खुलताबाद तालुक्यासाठी आतल्या जाळ्यात 10.40.16 ते 10.40.31 असे सोळा गट राखले आहेत, गावाला एक. वेरूळ 16, खुलताबाद 17, सुलीभंजन 18, म्हैसमाळ 19, कागजीपुरा 20, कसाबखेडा 22, गल्लेबोरगाव 24, बाजारसावंगी 26. बाकीचे रिकामे. सोळा ते एकतीस हे आकडे आठ बिटांत मांडले की पहिले चार बिट सगळ्यांचे सारखेच येतात: 0001. त्यामुळे संभाजीनगरच्या राउटरला सोळा ओळी सांगाव्या लागत नाहीत, 10.40.16.0/20 ही एक पुरते. पंधरापासून तीसपर्यंत दिले असते, तर गट सोळाच झाले असते, पण एका ओळीत बसले नसते. रूट एकत्र करण्याचं खरं काम असं आधीच, वहीत होतं. राउटरवर उरते ती एक कमांड.

पिनकोडही याच विचारातला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी घडवलेली ती पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. दूरच्या टपाल कार्यालयाला 431 एवढं वाचून पत्र इकडे पाठवता येतं; शेवटचे आकडे इथल्यांनी बघायचे.

9:15
संभाजीनगरच्या लिंकवर लोड चढलेला. कारण नसताना लिंक भरली, की माझा पहिला संशय रूटवर. 10.40.29.5 ला ट्रेसराउट मारला. हा गट कुठल्याच गावाला दिलेला नाही, तरी उत्तरं येत राहिली: संभाजीनगर, वेरूळ, संभाजीनगर, वेरूळ... थेट तिसाव्या ओळीपर्यंत.

पॅकेट टोलवलं जात होतं. वेरूळचा राउटर वर सांगतो, "16 ते 31 सगळे माझ्याकडे." संभाजीनगर विश्वास ठेवून 29 चं पॅकेट इकडे पाठवतो. वेरूळकडे 29 चा रूट नाही, म्हणून ते डिफॉल्ट रूटने परत संभाजीनगरला. कुठल्यातरी ग्राहकाच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस ओळीने सगळे पत्ते चाचपत होता. विंडोजचं पॅकेट 128 उड्यांचं आयुष्य घेऊन निघतं. म्हणजे एकच पॅकेट त्या लिंकवरून शंभराहून जास्त वेळा जातं.

औषध एका ओळीचं: वेरूळच्या राउटरवर 10.40.16.0/20 चा रूट नलकडे. गावांचे /24 रूट जास्त नेमके, त्यामुळे त्यांची पॅकेटं गावालाच जातात. ज्याला गाव नाही ते इथेच संपतं. सगळे माझ्याकडे असं एकदा सांगितलं, की जे नाही त्याचीही जबाबदारी आपलीच. ही ओळ टाकल्याशिवाय समरी, म्हणजे एकत्र केलेला, रूट चालू करू नये, असं माझं ठाम मत आहे. लोड दोन मिनिटांत उतरला. त्या ग्राहकाला फोन करायचं काम ऑफिसकडे दिलं.

दुपारी 2:00
जेवणानंतर पॉलिटेक्निकहून आलेल्या मुलाला शिकवणं. त्याने विचारलं, "दादा, प्रत्येक जुन्या राउटरवर नो ऑटो-समरी का लिहायचं?"

1981 च्या मांडणीत आयपी पत्त्याचा पहिला आकडाच वर्ग सांगायचा. 127 पर्यंत ए वर्ग, एका जाळ्याला 1 कोटी 67 लाखांवर पत्ते. 128 ते 191 बी, 65,536. 192 ते 223 सी, फक्त 256. मधलं काही नव्हतंच. हजार पत्ते हवे असलेल्या संस्थेला सी अपुरा, बी अवाढव्य. बी संपत आले, सी वाटावे तर प्रत्येकाची वेगळी ओळ, आणि राउटरांची मेमरी पुरेना. 1993 मध्ये सीआयडीआर आलं. वर्ग गेला, तिरप्या रेघेनंतरचा आकडा आला. मुंबईच्या व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला लोकांसाठी इंटरनेट उघडलं ते या बदलानंतर. त्यांचे 202.54 ने सुरू होणारे पत्ते जुन्या हिशोबाने सी वर्गातले. एकेक सी सांगत बसलं तर 256 ओळी, एकत्र केले तर एक /16.

जुना राउटर मात्र ऑटो-समरीत अजून वर्गच पाळतो. 172.16 च्या लिंकवरून वेरूळचा 10.40.16.0 सांगायचा, तर तो अख्खा 10.0.0.0/8 सांगतो. कन्नडचाही तेच सांगतो. मधल्या राउटरला दोन्हीकडे तेच दिसतं, आणि निम्मी पॅकेटं चुकीच्या गावी. पोरगं लगेच वहीत आकृती काढायला लागलं. वर्ग परीक्षेत पाठ करायला लावतात. ते का मोडले हे शिकवलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

5:00
रस्त्याच्या खोदकामात कसाबखेड्याचं फायबर तुटलं. गाव तात्पुरतं वैजापूरच्या बाजूने जोडलं आणि तिकडून 10.40.22.0/24 वेगळा सांगितला. /20 तसाच, जास्त नेमका रूट जिंकतो, म्हणून बाकीच्या गावांना धक्का नाही. 2008 च्या फेब्रुवारीत पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /22 मधला एक /24 जाहीर केला आणि जगातली वाहतूक तिकडे वळली, तीही याच नियमाने. म्हणून असा रूट टाकला, की काढायची तारीख वहीत लाल शाईने लिहायची. लिहिली.

रात्री 8:30
संभाजीनगरच्या टेबलात आमच्या दोनच ओळी: /20 आणि कसाबखेड्याचा /24. सकाळी फायबर जोडणारी टीम येईल. जोड पास झाला, की दुसरी ओळ काढायची आहे.