दुखण्याचे माप आणि अडचणीचे माप

मनाच्या आजाराचे माप घेता येते, असे म्हटले की श्रोत्यांपैकी कोणीतरी हसतोच. तापाला थर्मामीटर आहे. दुःख कशात घालून मोजावयाचे? शंका रास्त आहे. येथे यंत्र नाही. आहे ती प्रश्नांची यादी, आणि समोर बसून ऐकणारा डॉक्टर.

इंग्लंडात लीड्स येथील मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली नैराश्यासाठी अशी एक श्रेणी प्रसिद्ध केली. लक्षणे सतरा, एकूण गुण ५२. नैराश्य आहे हे आधीच ठरलेल्या रोग्याचे दुखणे चढते की उतरते, एवढेच तिने पाहावयाचे; निदान करणे हे तिचे काम नव्हे. या सतरांत तीन बाबी एकट्या झोपेच्या आहेत, आणि त्यांचे गुण सहा. म्हणजे औषधाने नुसती गाढ झोप लागली तरी आकडा खाली येतो. मन तितके हलके झाले असेलच असे नाही.

पण घरच्या माणसांपुढे प्रश्न निराळाच असतो: याला स्वतःचे स्वतः किती करता येते? त्यासाठी इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने तयार केलेली 'आयडियाज' ही श्रेणी आहे. आपल्याकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र तिच्यावरूनच मिळते. स्वतःची निगा, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम, अशा चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण. आजार किती वर्षांचा, त्याचे आणखी १ ते ४. सात गुण झाले की ४० टक्के, आणि त्याखाली पुष्कळशा सवलतींचे दार बंदच.

समजा, आजार चार वर्षांचा आहे. त्याचे गुण २. निगा ०, वागणे १, बोलणे १, काम २. बेरीज सहा. कामाला ३ मिळाले असते तर सात! सारे त्या एका गुणावर अडते. आणि तोच गुण ठरविणे सर्वांत अवघड, असे आम्हांला वाटते. कारण घरातली सून आजारी पडली तर तिचा स्वयंपाक जाऊ उरकते, आणि विचारणाऱ्याला सासूबाई सांगतात, "करते हो सगळे!" त्यात माया असते, थोडी लाजही असते. कागदावर मात्र २ पडतात. तपासणीला जाताना घरच्यांनी एवढे सांगावे, की चूल कोण पेटवते, आणि तिला किती वेळा हाक मारावी लागते.