बाबा, हे पोलीस कोणाचे?

गेल्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, रामाकोन्याहून आईचा फोन आला. एरवी ती आधी 'जेवला का' विचारते आणि मग आंबिया बहाराची संत्री कशी लागली ते सांगते. त्या दिवशी तिनं थेट विचारलं, "काहून रे बापा, तिकडं पोलीस लोकं माणसं उचलून नेऊन रायले म्हणे? टीव्हीवर दाखवून रायले."

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात वीस वर्षं राहतो. नागरिकत्व मिळूनही बरीच वर्षं झाली. तिला म्हणालो, "आई, आपल्याला काही होत नाही. आपले कागद आहेत."

फोन ठेवला तर मागे लेक उभी. वय १७. "बाबा, 'आपल्याला' म्हणजे कोणाला?"

तिला त्या शनिवारी मैत्रिणींबरोबर ब्रॉडव्ह्यूला निदर्शनांना जायचं होतं. मी 'नाही' म्हटलं. पुढचे दोन दिवस घरात अबोला होता.

आठ हजार वस्तीचं गाव

ब्रॉडव्ह्यू आमच्या घरापासून फार लांब नाही. वस्ती सुमारे ८,००० आणि कागदोपत्रीही ते 'व्हिलेज'च, म्हणजे गाव. ८ सप्टेंबर २०२५ ला शिकागो परिसरात 'ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ' सुरू झालं. आईसनं, म्हणजे स्थलांतर कायद्याच्या केंद्रीय खात्यानं, पकडलेल्या लोकांना या गावातल्या केंद्रात आणायला सुरुवात केली. बाहेर निदर्शक जमू लागले. केंद्रीय जवानांनी अश्रुधूर सोडला, मिरपुडीच्या गोळ्या झाडल्या. त्यांनी रस्त्यावर कुंपण घातलं, तेव्हा गाव कोर्टात गेलं आणि कोर्टानं कुंपण काढायला लावलं. गावच्या मूठभर पोलिसांना हे झेपेना, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला राज्याचे पोलीस आणि कुक काउंटीचे शेरीफ बंदोबस्ताला आले.

म्हणजे तिथे एकाच रस्त्यावर तीन-चार प्रकारचे गणवेश होते. त्यात केंद्रीय जवानांच्या जाकिटावरही पुष्कळदा 'पोलीस' असंच लिहिलेलं असतं. कोण कोण आहे, हे लांबून कळतच नाही.

शिडीवरून पडलेला माणूस

त्याच आठवड्यात शेजारच्या घराचं छत बदलायचं काम चालू होतं. दुपारी जोरात आवाज आला. बाहेर धावलो तर एक कामगार शिडीवरून खाली पडला होता. पाय विचित्र वळलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. बाकीचे त्याला उचलून व्हॅनमध्ये घालायच्या तयारीत होते. मी खिशातून फोन काढला, तसा त्यांच्यातला एक हात जोडून पुढे आला. "नो पोलीस. प्लीज, नो पोलीस."

मी थबकलो, हे कबूल करतो. ९११ लावला तर ॲम्ब्युलन्सबरोबर पोलीसही येणार. ते या लोकांना आईसच्या ताब्यात देतील का, हे मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं इथे राहून, कर भरून, मतदान करून ठाऊक नव्हतं! पण पाठीला मार लागलेल्या माणसाला तसं उचलून नेणं म्हणजे त्याला कायमचं अपंग करणं. मी फोन लावला.

पाच-सात मिनिटांत दोन्ही गाड्या आल्या. पोलिसानं विचारलं, किती उंचीवरून पडला, शुद्ध हरपली होती का, काम कोणाचं. कोण कुठल्या देशाचा, हे त्यानं विचारलं नाही. पण तोवर व्हॅन निघून गेली होती. त्या जखमी माणसाजवळ त्याच्या ओळखीचं कोणीच उरलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो

त्या रात्री मी आणि लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचत राहिलो. अबोला तिथेच संपला.

स्थलांतराचा कायदा केंद्राचा. केंद्र सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही, असं तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९९७ च्या 'प्रिंट्झ' खटल्यात मांडलं. तो खटला बंदूक-खरेदीच्या कायद्यावरचा होता, पण आजही याच वादात त्याचा आधार घेतात. स्थानिक पोलीस स्वखुशीनं मदत करू शकतात. त्यासाठी १९९६ च्या कायद्यानं '२८७(जी)' नावाचे करार आणले. २०२५ मध्ये अशा करारांची संख्या हजाराच्या वर गेली. टेक्सासनं तर तुरुंग चालवणाऱ्या शेरीफना करार करणं सक्तीचं केलं.

इलिनॉय उलट दिशेला आहे. २०१७ च्या 'ट्रस्ट ॲक्ट'प्रमाणे इथले पोलीस केवळ आईसच्या विनंतीवरून कोणाला डांबून ठेवू शकत नाहीत. २०२१ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. न्यायाधीशाच्या सहीचं फौजदारी वॉरंट असेल तर गोष्ट वेगळी. २०१७ च्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर ब्रूस राऊनर रिपब्लिकन होते.

दुसरी बाजूही आम्ही वाचली. गुन्हेगाराला तुरुंगातच केंद्राच्या हवाली केलं, तर रस्त्यावर धरपकड करावी लागत नाही, असं सहकार्याच्या बाजूचे म्हणतात. हे अगदीच टाकाऊ नाही. पण मग शिडीवरून पडलेल्या माणसासाठी फोन कोण करणार? चोरी झाली, नवऱ्यानं मारलं, तर पोलिसांकडे कोण जाणार?

मला आमचा कोटवार आठवला. मध्य प्रदेशात गावोगाव कोटवार असतो. दवंडी तोच देतो, जन्ममृत्यू तोच कळवतो आणि गावात परका माणूस दिसला तर ठाण्यात तोच सांगतो. माझ्या लहानपणी एकदा संत्रा तोडायला आलेल्या मजुरांच्या पालावर चोरी झाली. दागिने गेले, पैसे गेले. कोणी तक्रार केली नाही. कोटवाराला सांगितलं तर आधी आपलीच नावं सौंसरच्या ठाण्यात जातील, ही भीती. चोराला ते पक्कं माहीत असावं.

कागद आणि भाषा

लेकीनं विचारलं, "भारतात असं होतं का?"

होतं. आणि तिथे ही भिंतच नाही, परदेशी नागरिक शोधण्याचं काम राज्याचे पोलीसच करतात. जुलै १९९८ मध्ये मी नागपूरला शिकत होतो. मुंबई पोलीस बांगलादेशी ठरवलेल्या ३४ जणांना कुर्ला-हावडा एक्सप्रेसनं सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमध्ये उलुबेडिया स्टेशनवर जमावानं गाडी अडवून त्यांना सोडवलं. ही आपलीच बंगाली माणसं आहेत, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. २०२५ च्या जूनमध्येही मुंबई परिसरात पकडलेल्या बंगालच्या काही मजुरांना सीमेपार धाडलं गेलं. ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं.

वसतिगृहात ती बातमी वाचून मी गप्प झालो होतो. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, रेशनकार्ड हिंदीत. "एमपीचा आणि मराठी कसा?" हे मला नागपुरात रोज कोणीतरी विचारायचं. मी हसून सोडून द्यायचो, कारण विचारणाऱ्याच्या हातात दंडुका नव्हता.

शनिवार

शेवटी आम्ही दोघं गेलो. ठरवून दिलेल्या जागेत तासभर उभे राहिलो. शिरस्त्राणं घातलेले राज्याचे पोलीस ओळीनं उभे होते. केंद्राची गाडी आली की ते लोकांना मागे सारून रस्ता मोकळा करत. त्या आठवड्यांत त्यांनी काही निदर्शकांना अटकही केली.

"बाबा, हे पोलीस कोणाचे?" लेकीनं विचारलं. स्थलांतराच्या धरपकडीत ते नाहीत, पण रस्ता मोकळा करून देणं ही मदतच नाही का? आमच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका नेमका हाच वाद घालत होत्या. मला सरळ उत्तर देता आलं नाही.

तुमच्यापैकी कितीतरी मुलं पुढच्या वर्षी शिकायला दुसऱ्या राज्यात जातील. तिथल्या पोलिसांचा करार आहे की नाही, हे आधी पाहून ठेवा. ग्रीनकार्ड असेल तर १८ नंतर ते जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे. भेटीला आलेल्या आजी-आजोबांच्या पासपोर्टची प्रत घरात हाताशी ठेवा. आणि माझ्यासारखं, माणूस समोर पडलेला असताना कायदा आठवत उभं राहायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

रविवारी आईला सगळं सांगितलं. तिनं निदर्शनांबद्दल काही विचारलं नाही.

"मंग त्या पडलेल्या पोराचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.