पट्टी दिव्याकडे

संपादकांनी नाना पेठेत पाठवलं होतं, गाड्या सजवण्याच्या धंद्यावर लिहायला. क्रोमच्या पट्ट्या, स्पॉयलर, सीट कव्हरं... तासाभरात कंटाळलो. तेवढ्यात एका दुकानात लाल एलईडी मोजून घेणारे काका भेटले. "बघायचंय तर घरी या," म्हणाले.

गॅलरीत वर्तमानपत्रावर मारुती ८००चा मागचा दिवा उघडा पडला होता. ही गाडी १९८३ साली आली, २०१४ साली बंद झाली. काकांची अजून पळते. मूळ बल्बात दोन तारा: रात्रीसाठी ५ वॅटची, ब्रेकसाठी २१ वॅटची. त्याजागी एलईडी. एका लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, इंजिन चालू असताना गाडी देते १४. म्हणून तीन-तीनची माळ आणि उरलेले ८ व्होल्ट गिळायला ४७० ओहमचा रेझिस्टर. रात्रीच्या वायरीला त्याहून बराच मोठा, म्हणजे उजेड मंद.

खरी गंमत डायोडची. दोन्ही वायरी एकाच माळेला येतात, त्यामुळे पार्किंग लाइट लावला की वीज उलटी ब्रेकच्या वायरीत शिरू बघते. तिला अडवतो हा काळा दाणा, एका टोकाला चंदेरी पट्टी असलेला. "पट्टी दिव्याकडे," काका चिमट्यात धरून दाखवतात. "उलटी लागली की संध्याकाळ गेली."

एवढा खटाटोप कशाला? बल्बची तार पूर्ण पेटायला सुमारे ०.२ सेकंद घेते, एलईडी लगेच लागतो. ताशी १०० किलोमीटरने तेवढ्यात साडेपाच मीटर कापले जातात. मागच्या गाडीचे, काकांच्या नव्हे.

इंडिकेटरने मात्र रडवलं. एलईडीमुळे भार कमी झाला की इंडिकेटरची उघडझाप करणारा जुना फ्लॅशर 'बल्ब उडाला' असं समजतो आणि दुप्पट घाईने टिकटिकतो. त्यावर काकांनी ६ ओहमचा रेझिस्टर लावला. तो ३० वॅटहून जास्त जाळतो, म्हणजे वाचवलेली वीज त्यातच गेली, वर प्लास्टिकही वितळलं. शेवटी फ्लॅशरच बदलला. मग पावसाळा आला, सील नीट बसलं नव्हतं, आत वाफ धरली. शिवाय कारखान्यातला दिवा कुठल्या कोनातून किती उजळ दिसतो हे तपासून येतो. गॅलरीतला काकांच्या नजरेवर पास होतो. मला त्याची धास्ती वाटली, काकांना नाही.

त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर: दिव्यांवर चिकटवायची काळी फिल्म. अंधारात बंद उभी असलेली गाडी दिसते ती लाल रिफ्लेक्टरमुळे. फिल्म निम्मा उजेड आत सोडते, परतताना त्यातला निम्मा खाते. उरतो पाव.

निघालो तेव्हा खाली पुतण्याची नवी गाडी उभी होती, मागचे दिवे काळेकुट्ट. काका वाकून नखाने फिल्मचा कोपरा उचकटू लागले.

"काका, नका ना!" वरच्या खिडकीतून आवाज आला.