विश्लेषण : फणसावरच्या चिलटांचा वंशवृक्ष फसवा का ठरतो?

मे महिन्यात मालवणात फणस कापला की थोड्याच वेळात चिलटे जमतात. त्यातली बरीचशी ड्रोसोफिला कुळातली. (आंबा बागायतदार जिच्यासाठी रक्षक सापळे लावतात, ती फळमाशी वेगळी.) शंभरहून अधिक वर्षे प्रयोगशाळांत अभ्यासलेल्या या कीटकाच्या जनुकांची वंशावळ मांडतानाही गफलत होऊ शकते.

वंशवृक्ष कसा काढतात?
कधी कधी एखाद्या जनुकाची जादा प्रत तयार होते. अशा प्रतींचे जनुककुटुंब बनते. दोन प्रतींत फरक जितके जास्त, तितक्या त्या पूर्वी वेगळ्या झाल्या, असा हिशेब असतो.

गडबड कुठे होते?
डीएनए तुटला की पेशी कधी कधी जवळपास तशाच दुसऱ्या प्रतीवरून तो भाग उतरवून घेते. याला जीन कन्व्हर्जन म्हणतात. त्यात जुने फरक पुसले जातात. पणजोबांच्या काळात वेगळ्या झालेल्या दोन घरांपैकी एकाने दुसऱ्याच्या वहीची पाने उतरवून घेतली, तर वह्या पाहणाऱ्याला वाटणी कालची वाटेल, तसेच हे.

उदाहरण कोणते?
उष्णतेत प्रथिने सांभाळणारे एचएसपी-७० जनुक. ड्रोसोफिला मेलानोगास्टरमध्ये त्याच्या पाच-सहा प्रती आहेत, तर सिम्युलन्समध्ये चार. त्या गुणसूत्रावर दोन ठिकाणी आहेत आणि ही विभागणी दोन्ही प्रजाती वेगळ्या होण्याआधीची. तरीही प्रत्येक प्रजातीतल्या प्रती एकमेकींशी अधिक जुळतात. नुसता वृक्ष पाहिला, तर त्या प्रत्येक प्रजातीत अलीकडे स्वतंत्रपणे तयार झाल्या असे वाटेल. यामागे जीन कन्व्हर्जन असल्याचे बेटनकोर्ट आणि फेडर यांनी २००२ मध्ये मांडले.

आपल्याला त्याचे काय?
आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस गॅम्बियी डासात टीईपी-१ हे जनुक परजीवीला मारण्यात मदत करते. त्याच्या काही प्रकारांत शेजारच्या भावंड जनुकांचे तुकडे मिसळल्याचे २००८ च्या अभ्यासात दिसले. कोणता प्रकार मलेरियाला रोखतो आणि तो कुठून आला, हे शोधताना वृक्ष चुकला तर निष्कर्षही चुकतो.

उपाय काय?
संपूर्ण जनुकाचा एकच वृक्ष न काढता तुकड्यातुकड्यांचे वृक्ष काढायचे. ते एकमेकांशी जुळले नाहीत, तर संशय घ्यायचा. शिवाय जनुकाचे शेजारी आणि गुणसूत्रावरची जागा तपासायची. मजकूर उतरवला गेला तरी जागा सहसा तीच राहते.